लिनक्सवर काय चालत नाही

पारशिवनीहून संध्या बसने आली, ती लॅपटॉप ओढणीत गुंडाळून. तो आमच्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, “हा घ्या तुमचा. माझ्या कामाचा नाई.”

शहराच्या सदर भागातल्या या दुकानात जुने लॅपटॉप येतात. मी ते उघडते, धूळ काढते, एकेक बटण दाबून तपासते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. कीबोर्डला ते कळत नाही. मग मालक, गिरीश, त्यात लिनक्स टाकतो आणि विकतो. लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच, कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. ते विकत घ्यावं लागत नाही आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. वस्तू चांगली आहे.

पण संध्याचं गावात सेंटर आहे. म्हातारी माणसं तिथे अंगठा लावून पेन्शन काढतात. अंगठा वाचणारं छोटं यंत्र कॉम्प्युटरला जोडावं लागतं. तिच्या यंत्राचं सॉफ्टवेअर कंपनीने फक्त विंडोजसाठी केलं होतं. लिनक्सवर ते मुकं.

“तीन दिवस झाले, लोक परत जाऊन राहिले,” संध्या म्हणाली. “बाजारात दुसरं सेंटर आहे. तिकडची सवय लागली का बसली मी घरी.”

“ताई, पहिले विचारून घ्यायचं न,” गिरीश म्हणाला.

“काहून विचारू? तुमच्या वेबसाइटवर वाचलं न मी.”

ते पान गिरीशने स्वतः लिहिलं होतं. मी स्क्रीनवर काढून मोठ्याने वाचलं. ‘मुक्त तंत्रज्ञानाचा नवा श्वास! सुरक्षित, वेगवान, आपल्या प्रत्येक गरजेसाठी परिपूर्ण.’

“प्रत्येक गरज म्हणजे? धुणं धुते का गा हा?” मी गिरीशला विचारलं.

“मावशी, वेबसाइटची भाषा तशीच असते.”

“लग्नपत्रिका लिहिली तू. नवरा काय काम करते, ते कुठंच नाई.”

संध्या हसली. गिरीश नाही हसला.

दुकानाचा फोन मीच उचलते. मराठी टाइप होते का, व्हिडिओ दिसते का, माझा प्रिंटर चालेल का, एवढंच लोक विचारतात. नवा श्वास अजून कोणी मागितला नाही. मी खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि त्यावर लिहिलं:

‘चालत नाही: अंगठ्याची बरीच यंत्रं, काही प्रिंटर, फक्त विंडोजसाठी बनवलेली सॉफ्टवेअरं. चालतं: इंटरनेट, व्हिडिओ, मराठी टायपिंग, शाळेचा अभ्यास. शंका असेल तर आपलं यंत्र घेऊन या, जोडून पाहा, मग घ्या.’

“हे टाक पानावर. चालत नाही ते वर.”

“वर? अन् मग घेईल कोण?”

“ज्याले ते लागत नाही तो.”

“मावशी, धंदा मी करून राहिलो का तुम्ही?”

“तूच कर. परत आलेले लॅपटॉप मात्र मलेच पुसावे लागते.”

गिरीश पुठ्ठा बाजूला सारणार, तेवढ्यात संध्या शांतपणे बोलली. “भाऊ, तालुक्यातल्या सेंटरवाल्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे. मी अजून तिथं काहीच टाकलं नाई.”

गिरीश खुर्चीत बसला आणि टाइप करू लागला. त्याला इतक्या वेगाने टाइप करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मी शेल्फवरून विंडोजचा एक लॅपटॉप काढला आणि बदल्यात संध्याला दिला. तिने पिशवीतून आपलं यंत्र काढून तिथेच जोडलं. मी अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. तरी ती उठेना.

“मावशी, आता याचंही सांगा. यात काय खोट आहे?”

“सुरू व्हाले वेळ लावते. व्हायरस पकडते. अन् ऐन गर्दीत अपडेट आली, तर तुझी लाइन तशीच उभी राहते.”

“हे आहे का वेबसाइटवर?”

आम्ही दोघींनी गिरीशकडे पाहिलं. त्याने तेही टाइप केलं.

संध्या विंडोज घेऊन गेली, सेंटर चालू आहे. तिने परत केलेला लॅपटॉप आठवड्याभरात एका शिक्षकाने नेला. पान वाचून आला होता, एक प्रश्न विचारला नाही. दोन्ही मशीनांत खोट होती आणि दोन्ही खपली. माणसाला खोट चालते. ती घरी गेल्यावर कळलेली चालत नाही.