आईच्या नावावरची अळंबी

निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस डोक्यातून आपोआप पुसल्या गेल्या. घरफोड्या, मारामाऱ्या, नवरा-बायकोची भांडणं, कोणाचं पुढे काय झालं ते आता मला धड सांगता येणार नाही. स्टॅनमोरमधल्या अळंबीची केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि आठवली की मान खाली जाते.

मी मूळचा संगमेश्वरकडचा. लग्नानंतर लंडनला आलो, पोलिसांत भरती झालो आणि वायव्य लंडनच्या एका ठाण्यातून डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून बाहेर पडलो. ठाण्यात मराठी समजणारा मी एकटा. त्यामुळे हॅरोपासून स्टॅनमोरपर्यंतच्या मराठी मंडळींत मी ‘आपला माणूस’. आपला माणूस म्हणजे पार्किंगचा दंड माफ करून देणारा, असा त्यांचा ठाम समज होता. तो मी कधीच खरा केला नाही, तरी समज काही गेला नाही.

या केसची खबर ठाण्यात आलीच नाही. ती आली माझ्या बायकोच्या फोनवर. मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या एक काकू होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या बायकोला सांगत होत्या आणि बायकोने फोन स्पीकरवर टाकला.

“अगं, ह्यांना हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलंय. हिप फ्रॅक्चर आहे. मी पॅरामेडिकला सांगितलं, बाथरूममध्ये स्लिप झाले. पण तसं नाही गं झालं. शेजारच्या मुलाची आई आलीय ना गावाहून, तिने अळंबीची भाजी पाठवली होती. ती खाल्ली आणि हे बनियनवरच ड्राइव्हवेमध्ये गेले, कुंपणाच्या हेजशी बोलायला लागले. हसतायत काय, रडतायत काय! मग भिंतीवर चढले आणि पडले. मी दोनच घास खाल्ले, तर मला किचनच्या टाइल्स हलताना दिसायला लागल्या. तू ह्यातलं कोणाला बोलू नकोस हं. लोक म्हणतील, म्हातारा पिऊन पडला.”

काकांना हृदयाचा त्रास होता, रोजच्या गोळ्या चालू होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरला त्यांच्या पोटात काय गेलंय याचा पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडचं शहाणपण त्या दिवशी एका माणसाच्या जिवावर उठलं होतं. मी फोन हातात घेतला आणि म्हणालो, “काकू, आधी वॉर्डला फोन करून खरं सांगा. लोकांचं नंतर बघू.” मग ठाण्यात जाऊन रीतसर नोंद केली. ओळखीचे लोक आहेत हेही इन्स्पेक्टरच्या कानावर घातलं. ते म्हणाले, नुसती ओळख आहे, नातं नाही, तपास तूच कर.

काकांचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. नंतर ते नीट पार पडलं, हे इथेच सांगून टाकतो.

झडतीचं वॉरंट घेऊन आम्ही शेजारच्या घरी गेलो. घरात दोनच माणसं. बेसिंगस्टोकला आयटी कंपनीत नोकरी करणारा, वर्क व्हिसावरचा मुलगा, आणि त्याची आई. आई महिन्यापूर्वी चिपळूणजवळच्या गावाहून मुलाला भेटायला आली होती. वरच्या छोट्या खोलीत पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे एकावर एक रचून ठेवलेले होते. आत पांढऱ्या बुरशीने गच्च धरलेले गठ्ठे आणि त्यांतून वर आलेली अळंबी. कपाटात रिकाम्या कॅप्सूल आणि त्या भरायचं छोटं यंत्र होतं. म्हणजे हा स्वतःपुरता छंद नव्हता, विक्रीचा धंदा होता.

अशी अळंबी मी आधी पाहिली नव्हती. इथे कायद्याने बंदी असलेली नशेची साधी अळंबी म्हणजे बारीक दांडा आणि वर पिवळट छत्री. ही निराळीच होती. दांडा जाड, फिकट, आतून भरीव आणि वेडावाकडा. वरची टोपी एवढीशी, दांड्याला चिकटून बसलेली, न उघडलेली. मोडली तिथे शाई सांडावी तशी निळी पडलेली. या जातीला इंग्रजीत जे नाव आहे ते पुरुषाच्या अवयवावरून पडलेलं आहे. तिच्याकडे पाहिलं की का पडलं ते कळतं. ते मी इथे लिहीत नाही. ठाण्यातल्या तरुण पोरांनी मात्र त्या नावावरून दोन दिवस पुरेल एवढी करमणूक करून घेतली.

आई जिन्याखाली उभी होती. आमच्या हातातले डबे बघून ती पुढे झाली आणि मला मराठीतच म्हणाली, “साहेब, ते माझं आहे. त्याला काही विचारू नका. मी गावाहून बी आणलं होतं, मी लावलंय.”

मुलगा शेजारीच उभा होता. पस्तिशीचा, चांगला शिकलेला. तो खाली बघत राहिला.

तिने स्वतःहून कबुली दिली म्हटल्यावर कायद्याने मला दुसरा रस्ता नव्हता. दोघांनाही अटक करून ठाण्यात आणलं. ताब्यात घेतलेल्या माणसाकडच्या अणकुचीदार वस्तू काढून घ्यायच्या, हा नियम. तिच्या बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढल्या आणि खांद्यावरची, पदराचीही काढली. पिना काढणारी पोलीस मुलगी इंग्लिश होती, प्रेमाने करत होती, पण पदराला पिन कशाला लागते हे तिला कसं कळणार? मला कळत होतं. नंतरच्या सगळ्या चौकशीत ती बाई एका हाताने पदर धरून बसली होती.

आधी मुलाची जबानी झाली. त्याच्या वकिलाने ठाण्यातच त्याच्याशी बोलून लिहिलेलं निवेदन वाचून दाखवलं. घरातली अळंबी माझ्या आईची आहे, तिला बागकामाची आवड आहे, तिने ती कसली लावली हे मला माहीत नाही, असं त्यात होतं. नंतर मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो ‘नो कमेंट’ म्हणत राहिला. मी पोलिसात अनेक खोटारडे बघितले. बायकोवर ढकलणारे पाहिले, भागीदारावर ढकलणारे पाहिले. आईवर ढकलणारा हा पहिलाच.

मग आईला बसवलं. आमच्याकडे चौकशी इंग्रजीतच होते आणि दुभाषी बाहेरचा लागतो. चौकशी करणाऱ्याने स्वतः भाषांतर करायचं नाही. नियम चांगला आहे, आरोपीच्याच भल्याचा आहे. पण त्या खोलीत तो फार विचित्र वाटला. पुण्याकडच्या एक बाई दुभाषी म्हणून आल्या होत्या. मी इंग्रजीत विचारायचं, त्यांनी मराठीत सांगायचं, आईने मराठीत उत्तर द्यायचं, आणि मला कळलेलं असूनही मी इंग्रजीची वाट बघत बसायचं. दोन-तीन प्रश्नांनंतर आई माझ्याकडे वळली.

“अहो साहेब, तुम्हाला मराठी येतंय ना? घरी तर बोललात. मग मी इथे बोलते ते तुम्ही ह्या बाईंकडून का ऐकता? माझं काही चुकलं का?”

दुभाषी बाईंनी तेही इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. टेप चालू होती. मी इंग्रजीत म्हणालो, नियम आहे. ते पुन्हा मराठी होऊन तिच्यापर्यंत पोचलं. तिने मान हलवली. माझे कान तापले होते.

तिचं म्हणणं एकच. पडवळाचं, भोपळ्याचं बी आणतो तसं अळंबीचं बी पुरचुंडीत बांधून आणलं. मुलगा दिवसभर कामावर, वेळ जाईना म्हणून खोलीत लावलं. आलं तशी भाजी केली. त्या दिवशी गुरुवार, तिचा उपास, म्हणून तिने स्वतः खाल्ली नाही. मुलगा यायचा होता. शेजारच्या काकूंची वाटी घरी पडलेली होती, ती रिकामी कशी परत करायची म्हणून आधी त्यांच्याकडे पाठवली.

भाजीचा भाग खरा होता. काकांचं नाव निघालं की तिचा आवाज पडायचा. पण बियाण्याचं मला ऐकताक्षणी पटलं नाही. मी कोकणातला. आमच्याकडे अळंबी कोणी लावत नाही. ती वारुळाच्या आसपास, गडगडाट झाला की आपली आपण वर येते. कुठे येते ती जागा घराघरात गुप्त ठेवतात, जावयालासुद्धा सांगत नाहीत. चिपळूणकडची बाई अळंबीचं बी आणलं म्हणते, म्हणजे ती खोटं बोलते आणि तिला खोटं बोलायची सवयही नाही. पण माझ्या आजोळचं शहाणपण कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. दोघांना जामिनावर सोडलं आणि नमुने बुरशीच्या एका तज्ज्ञाकडे पाठवले.

तज्ज्ञ उत्साही माणूस होता. मी एक विचारलं की तो दहा सांगायचा. ही जात रानात सापडत नाही, माणसांनीच निवडून निवडून घडवली, असं तो म्हणाला. मूळ म्हणे दक्षिण अमेरिकेतल्या जंगलाजवळ, गुरांच्या शेणावर उगवलेली एक भली मोठी अळंबी. ती कोणीतरी आणली, कोणीतरी वाढवली, त्यातून एक असं वेडंवाकडं रूप निघालं आणि ते हौशी लोकांनी हातोहात जपलं. ही कथा सांगेल तशी बदलते, तिला कागदाचा आधार नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. जोर मात्र साध्या अळंबीपेक्षा बराच जास्त. काका भिंतीवर का चढले याचा उलगडा तिथे झाला.

“आणि हिचं बी?” मी विचारलं.

तो हसला. तीच तर हिची खोड, म्हणाला. अळंबीला बी नसतं, टोपीखालून झडणारी भुकटी असते. हिची टोपी धड उघडतच नाही, भुकटी जवळजवळ झडतच नाही. म्हणून वाढवणारे लोक जिवंत तुकड्यापासूनच पुढची वाढवतात, केळीचा जसा कोंबच लावावा लागतो तसं. वर ही जात वाढीला मुलखाची आळशी. आम्ही जप्त केलेले गठ्ठे इतके मुरलेले होते की त्यांची सुरुवात आई लंडनला येण्याच्या कितीतरी आधी झालेली असणार. मुलाच्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठामागे काचेच्या छोट्या बश्या सापडल्या होत्या, त्यांत हाच जिवंत तुकडा जपलेला होता. तज्ज्ञाने ते सगळं अहवालात लिहून दिलं.

अहवाल हातात आला तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आनंद झाला. केस सुटली होती. मी टीमला कॉफी पाजली.

आईला पुन्हा बोलावलं. दुभाषी त्याच बाई. जातीचं नाव आलं तेव्हा त्या क्षणभर अडखळल्या, मग ‘ही एक विशिष्ट जात’ म्हणाल्या. मी हरकत घेतली नाही. एकेक मुद्दा तिच्यापुढे ठेवला. बी नसतं, पुरचुंडीत येत नाही, तुम्ही आलात त्याच्या आधीची आहे. ती ऐकत होती. मग मुलाचं निवेदन वाचून दाखवणं भाग होतं. दुभाषी बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “तुमच्या मुलाने लिहून दिलंय, की ही अळंबी तुमची आहे, त्याला काही माहीत नाही.”

तिचा पदरावरचा हात सुटला. पदर खांद्यावरून घसरला तरी तिच्या लक्षात आलं नाही. दुभाषी बाईंनीच वाकून तो वर केला.

“असं म्हणाला?” तिने विचारलं. मग लगेच सावरून म्हणाली, “बरोबर आहे. मीच त्याला तसं सांगायला सांगितलं होतं.”

पण घरातून निघाल्यापासून ते निवेदन वाचून होईपर्यंत दोघांना वेगळं ठेवलं होतं, आणि आम्ही येणार हे त्याआधी त्यांना माहीतच नव्हतं. मी ते विचारलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी माझी गत. तेव्हा ती म्हणाली, “मला नाही माहीत ती कुठून आली. इथे लोक घरात मश्रूम लावतात असं वाटलं. मी फक्त भाजी केली.”

टेप बंद झाली. तिच्यावरचा आरोप तिथेच संपला. तिला दारापर्यंत सोडायला मी गेलो. केसबद्दल बाहेर बोलता येत नाही हे मी तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही नका बोलू. मी बोलते. त्याने माझं नाव घेतलं हे मला कळलंय, असं त्याला कळू देऊ नका. पोराला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं. मुलाला लाज वाटेल याची तिला काळजी होती.

मी म्हणालो, “मावशी, ते माझ्या हातात नाही. तुमच्या जबानीची टेप त्याच्या वकिलाला द्यावी लागते. कायदा आहे.”

“मग एवढं मराठी येऊन काय उपयोग हो तुमचा?” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती.

टेप गेली. काही दिवसांनी मुलाच्या वकिलाचा फोन आला. मुलाने वकिलाच्या ऑफिसमध्ये बसून आईच्या दोन्ही जबान्या ऐकल्या होत्या. दुभाषीची गरज त्याला नव्हती. तो गुन्हा कबूल करायला तयार होता. त्याची एक विनंती होती, आईचा आवाज कोर्टात वाजवू नये. कबुली असली की टेप वाजवायची वेळच येत नाही, आली नाही. त्याला शिक्षा झाली, व्हिसा गेला.

माणसं भीतीने खोटं बोलतात असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. या केसने मला शिकवलं की आपली माणसं त्याहून जास्त लाजेने खोटं बोलतात. काकू बोलल्या, मुलगा बोलला, आईही बोलली. खरं तेवढं मी शोधून काढलं, नियमाने, एकही पायरी न चुकता. त्याबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली. कोर्टाच्या दिवशी ती बाई मागच्या बाकावर बसली होती. मुलाला आत नेताना त्याने वळून पाहिलं, आणि ती घाईघाईने दुसरीकडे बघायला लागली, त्याला आपल्याकडे बघावं लागू नये म्हणून. मग तिची नजर माझ्यावर पडली. मी मात्र तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.