सुमनबाईंचा ढालकिडा

"रंगावर जाऊ नका, शेठ." सर हे बोटावर चढणाऱ्या किड्याकडं बघत म्हणायचे, बोलणं मात्र माझ्याशी असायचं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा निवृत्त मास्तर असेल. आमचे प्राणिशास्त्राचे सर जुन्या जालन्यात माझ्या कापडदुकानाच्या वर राहायचे. वेड एकच, ढालकिडे. हरभऱ्याच्या डाळीएवढे, ठिपक्यांचे, पिकावरची माव्याची कीड खाणारे. मी एकदा परसातल्या वांग्यावरून डबीभर धरून त्यांना भेट दिले.

"हे मावा खात न्हाईत शेठ, वांग्याची पानं खातात. शाकाहारी, तुमच्याच पंगतीचे."

एका थंडीत धावडा गावच्या शिवारात, करडईवर त्यांना जवळजवळ काळी मादी सापडली. पुस्तकात तशी नव्हती. सरांचा आवाज बारीक झाला. "नवी जात निघाली तर हिचं नाव देणार." हिचं म्हणजे त्यांच्या बायकोचं, सुमनबाईंचं. बाई जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"मंग देऊन टाका ना. काळी ती काळी!"

"एकाच कापडावर छपाई वेगळी असते की न्हाई? पिल्लं होऊ द्या. आईसारखी काळी निघाली तर पुढं बोलू. इथल्या नेहमीच्या ढालकिड्यासारख्या नागमोडी रेघा आल्या, तर जात जुनीच."

मादीनं बरणीत अंडी घातली. अळ्या झाल्या, मावा खाऊन फुगल्या, कोशात गेल्या. एका सकाळी सर अंघोळीला गेले असताना मी बरणीत डोकावलो. पिवळेधमक किडे, अंगावर एक ठिपका नाही! अशी जात मी जन्मात पाहिली नव्हती. तशा मी पाहिल्या होत्या दोनच. धावत जाऊन पेढे आणले आणि अख्ख्या गल्लीत वाटले. "सरांच्या किड्याला सुमनबाईंचं नाव लागलं!"

सर टॉवेलावरच बाहेर आले. "अहो शेठ, कोशातून निघालेला किडा कोराच असतो. रंग नंतर चढतो."

दुकान बंद ठेवून मी त्यांच्यासोबत बरणीपुढं बसलो. दुपारपर्यंत एकेका पाठीवर रेघ उमटत गेली. नागमोडी. सगळ्यांच्याच.

"कोण बघतंय सर? द्या नाव."

"हिला खोटं चालायचं न्हाई." सरांनी चष्मा पुसला आणि उरलेला पेढा उचलला. "गल्लीला आता तुम्हीच सांगा."

मी दारोदार सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. पण पेढे पचले होते, नाव काही परत आलं नाही. कुणी ते नाव घेतलं की सर सुरुवातीला दुरुस्त करायचे. पुढं पुढं ते नुसते ऐकत उभे राहायचे.

सर गेले त्याला दोन पावसाळे झाले. परवा समोरच्या काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. सुनेनं आतून चहाला हाक मारली. काकूंनी हात हलवला नाही.

"थांब गं जराशी. मनगटावर सुमनबाई बसल्यात. उडू दे त्यांना."