कोंडवाड्यातल्या बैलाला आवतण

शेजारच्या गावचा बैल तुमच्या पिकात शिरला, तर तुम्ही आधी काय शोधता? काठी की त्याचा मालक?

आमच्या उंद्रीकडच्या भागात काठीच शोधायचे. काठीनंतर बैल सरळ कोंडवाड्यात. आमचं गाव आणि पलीकडचं गाव यांच्यामध्ये एक नाला होता. त्याला पाणी चार महिने, भांडण बाराही महिने. दोन्ही ग्रामपंचायतींनी कोंडवाडे बांधले ते मुख्यतः एकमेकांच्या जनावरांसाठी. शाळेच्या खिडक्यांना फळ्या नव्हत्या, पण कोंडवाड्याला लोखंडी फाटक होतं! हा कसला स्वराज्याचा कारभार?

माझे वडील खामगावला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि उरलेली पत्रकं घरी आणायचे. संयुक्त महाराष्ट्राची आणायचे, वेगळ्या विदर्भाचीही आणायचे. मी दोन्ही वाचून दोन्हींवर पेटून उठायचो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या काळात एक पातळ पुस्तिका हाती लागली. युरोपच्या उत्तरेकडच्या पाच शेजारी देशांची. त्यातल्या डेन्मार्क आणि स्वीडनने पिढ्यान्‌पिढ्या लढाया केलेल्या. आता पाचही देशांचे निवडून आलेले लोक एका परिषदेत बसतात. ती आपले ठराव कुणावर लादत नाही, नुसती शिफारस करते. तरी तिकडचा माणूस पासपोर्टाशिवाय शेजारच्या देशात जातो, तिथे नोकरीही करतो.

हे वाचल्यापासून मी भेटेल त्याला विचारू लागलो, "त्यांना जमतं, तर आपल्याला एक नाला का ओलांडता येत नाही?"

काका म्हणाले, "आंधी स्वीडन कोन्या तालुक्यात हाय थे त सांग बे."

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी काकांच्याच जोडीतला एक बैल नाला ओलांडून पलीकडच्या ज्वारीत शिरला. दुपारी बातमी आली, बैल कोंडवाड्यात. काका दंड भरायला तयार होते, पण पावती फाडणारे ग्रामसेवक सणाला मेहकरला गेलेले, आणि पावतीशिवाय जनावर सोडायचं नाही असा तिथल्या पंचायतीचा ठराव. म्हणजे उद्या गावच्या सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतील, तेव्हा काकांचा एकच बैल. अर्ध्या जोडीचा पोळा काकांनी जन्मात केला नव्हता. त्यांनी वाटीत हळद-तूप घेतलं, पळसाची पानं घेतली आणि नाल्याकडे निघाले. मीही निघालो, पुस्तिका खिशात घालून.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानानं हळद-तूप लावतात आणि त्याला रीतसर जेवणाचं बोलावणं करतात. काकांनी फाटकाच्या गजांतून हात घातला, बैलाचा खांदा चोळला आणि मोठ्यानं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

जमलेली माणसं हसली. "कुलूप दातानं तोडून येईन का थो?"

पण तिथले सरपंच हसले नाहीत. "काऊन हो पाटील, पंचाईत केली ना तुमी! आमच्या दारातलं जनावर म्हून सकायीच म्या याले आवतन देल्लं."

"मंग दोन्हीकडे जेवन थो. खाता बैल हाय," काका म्हणाले.

मी संधी साधली. पुस्तिका उघडून वाचू लागलो, की नॉर्वे आणि स्वीडनच्या सरहद्दीवर सांबरासारखी जनावरं पाळणारे लोक आहेत, त्यांचे कळप चरत हद्द ओलांडतात, आणि त्यासाठी दोन्ही देशांनी करार केला आहे.

"पीक खाल्लं त?" सरपंचांनी विचारलं.

"भरपाईचंही ठरवलं आहे."

"हुशार हायेत लेकाचे," ते म्हणाले. मग कपाळ खाजवत उभे राहिले. "आवतन देलेल्याले कोंडून ठेवलं, अशी माही बदनामी नाही पाह्यजे. पन ठरावबी मोडनार नाही. बैल मी सोडत नाही. उद्या मी स्वतः त्याले जेवाले घेऊन येतो, आन् वापस आनून कोंडतो."

आणि ते खरोखर आले! शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि कासरा सरपंचांच्या हाती. नाल्याच्या अलीकडे त्यांनी कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता. दोन्ही बैल तोरणाखाली जोडीनं उभे राहिले, आणि काका असे ताठ उभे, जणू पाच देशांची परिषद त्यांच्याच अंगणात भरली होती. बैलानं पुरणपोळी खाल्ली, सरपंचांनी त्याच्याहून जास्त खाल्ली. संध्याकाळी दोघे दुसऱ्या आवतणाला नाल्यापलीकडे परत गेले. ग्रामसेवक आल्यावर पावती फाटली आणि बैल घरी आला.

त्याच महिन्यात दोन्ही सरपंच नाल्यातल्या खडकावर बसले. पोळ्याचे दोन दिवस एकमेकांची जनावरं कोंडायची नाहीत, असं ठरलं. तो मजकूर मी लिहिला आणि सरपंचांनी सुचवलेला 'हुकूम' हा शब्द भांडून काढायला लावला, 'शिफारस' घातला. आमच्या गावातले दोघे-तिघे कुरकुरले, अजूनही कुरकुरतात. कुरकुरू देत. पोळ्याला दोन्हीकडचं फाटक उघडंच राहतं.

वाचकहो, पोळा जवळ आला आहे. तुमच्या गावच्या कोंडवाड्यात आज कुणाचा बैल उभा आहे, ते जाऊन बघा. त्याच्या मालकाला निरोप धाडा, आणि सणाला तो बैल तुम्ही स्वतः त्याच्या दारी नेऊन पोचवा.