बिअरमधली ओल

शेजारचे काका अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात जन्मभर कापसाची प्रत ठरवत आले. माझ्या बापाची कापसाची गाडी त्यांनी दोनदा "ओल हाय" म्हणून परत धाडली होती.

होळीच्या आधी मी पुण्याहून सहा तऱ्हेच्या क्राफ्ट बिअर आणल्या आणि काकांना घरी बोलावलं. वाटलं, आज तरी आमचं काही पास करतील.

त्यांनी पहिला ग्लास उजेडाकडे धरला, फेस कापसाच्या धाग्यासारखा चिमटीत घेऊन ताणून पाहिला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ओल हाय याच्यात."

"बिअर हाय काका, ओलीच राहीन ना!"

"मले शिकवून राहिला काय?" म्हणत त्यांनी ग्लास संपवला. आंब्याची, कॉफीची, गव्हाची, सगळ्या याच कारणानं नापास झाल्या.

शेवटचा ग्लास रिकामा करून त्यांनी उपडा झटकला, आत बोट फिरवलं.

"आता कोरडा झाला. हा पास."