चौथ्या कोपऱ्याचा नारळ

पेठहून पहिल्या एसटीने निघाले. पिशवीत नारळ, नागलीच्या (नाचणीच्या) चार भाकरी आणि ठेचा. धाकटा भाऊ सखाराम याचं गाव धरणात गेलं. सात वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर सरकारने त्याला तोफांच्या सरावाच्या जुन्या माळावर जमीन दिली. आज ताबा मिळणार होता. मोठी बहीण म्हणून नारळ मी फोडायचा.

नाशिक रोडला रिक्षा केली. माळाचं नाव ऐकून रिक्षावाल्याने विचारलं, "आजी, परत कशा येणार?"

"चालत," मी म्हटलं. तो हसला. हसण्यासारखं मला काही दिसलं नाही.

माळ काही बघण्यासारखा नाही. कुसळं, आणि गोळे खाऊन खाऊन टक्कल पडलेली टेकडी. लष्कराने यंत्र फिरवून जमीन साफ केली होती. आता सुभेदार शेवटची फेरी मारून सही करणार, मग तलाठी ताबा देणार.

सखारामने कोपरे आखून ठेवले होते. तीन कोपऱ्यांना दगड, शेजाऱ्याकडच्या चौथ्याला लोखंडी खुंटा.

"दगड शेजारी सरकवतो, आक्का. ह्यो नाय सरकत. वरच्या ओढ्यात घावला. लय जड हाय, घणाने ठोकलाय."

भावजयीने खुंट्याला हळद-कुंकू लावलं. मी नारळ त्यावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला.

"माताजी, हिलना मत!" लांबून सुभेदार ओरडला.

मी हात वर धरून उभी राहिले. तो आला, वाकला, आणि त्याचा चेहरा उतरला. खुंटा म्हणजे न फुटलेला तोफगोळा होता.

"किसने गाडा?"

"म्याच," सखाराम म्हणाला. "चांगला खोल हाय."

तलाठी एव्हाना जीपमागे पोचला होता. तिथूनच ओरडला, "आज ताबा नाही!" सखारामचं तोंड एवढंसं झालं.

मी सुभेदाराला म्हटलं, "गोळा तुमचा, तो घेऊन जा. जमीन कशाला अडवता?"

त्याला मराठी कळत होतं. त्याने जवानांना सगळं शेत पुन्हा तपासायला लावलं. आम्ही लांब रस्त्यावर भाकरी खात बसलो. दुपारी त्यांनी गोळा जागच्या जागी उडवला. माझ्या हातातली भाकरी मातीत पडली.

सुभेदाराने सही केली. तलाठ्याने विचारलं, "चौथ्या कोपऱ्याची खूण?"

सखारामने कमरेएवढा खड्डा दाखवला. "ह्यो. आता सरकव म्हणावं शेजाऱ्याला."

नारळ तसाच घेऊन घरी परतले. भावजय म्हणते, देवाने वाचवलं. मला वाटतं, माझ्या हातात जोर राहिला नाही, एवढंच. सखाराम आता विहीर खणतोय, नारळ फोडायला ये म्हणतो. मी निरोप धाडलाय, आधी सुभेदाराला बोलव.