दमासाठी मूल ते मोहर्ली

जेठ सरत आलता तवा मी घरून निघाली. थैलीत दोन लुगडे, भाकर, ठेचा अन् आधार कार्ड. फाट्यावर एसटीची वाट पाहात उभी होती तं शेवंता आली. शेवंता म्हंजे आमच्या गावच्या रोवना करनाऱ्या बायाईची पुढारीन. (रोवना म्हंजे धानाची लावनी.) कोन्या बांधीत किती बाया उतरतीन, कोनाले घ्याचं, कोनाले नाई, हे तीच ठरवते. बांधी म्हंजे चिखल केलेलं धानाचं वावर.

"पारबता, रोवन्याच्या आधी सांगजो. तुले धरू का नोको?"

"धर ना वं."

"हाताचं नाई म्हनत मी. गान्याचं म्हनून राह्यली."

आमच्या टोळीत गानं मी उचलतो. पह्यली ओळ माही, एका दमात. ती संपली का बाकीच्या बाया उचलतेत अन् त्याच तालावर हात चालतेत. मागच्या साली मी ओळीच्या मधातच थांबली. बारा बाया हातात पऱ्हे, म्हंजे धानाची रोपं, धरून तशाच वाकलेल्या राह्यल्या. शेवंतानं दुसरीले उचलाले लावलं. तेच जड गेलं. गानं गेलं का बाई धुऱ्यावर, वावराच्या कडेले जाते, लेकरं राखाले. काम वाईट नाई, पन धुऱ्यावर गेलेली बाई वापस बांधीत उतरलेली मी तरी पाह्यली नाई.

माहा आजार सांगाले सोपा, समजाले कठीन. मले दम लागत नाई. मले दम येत नाई. बसल्या बसल्या, तांदूळ निवडता निवडता, सास अर्ध्यात अडते. शिंक्यावरच्या मडक्याले बोटं लागतेत पन मडकं खाली येत नाई, तसं होते. खोकला नाई, ताप नाई. कोनाले दाखवाले काईच नाई.

मूल गावच्या डाक्टरनं मान वर न करता इचारलं, "टेन्शन घेता का आजी?"

"देते कोन मले?" मी म्हनलं.

त्यानं गॅसची गोळी देल्ली. पाच दिवसांची होती. मी तिथीच बाकावर बसून एक खाल्ली अन् थोडी वाट पाह्यली. पोट हलकं झालं. दम जिथल्या तिथी. मंग चंद्रपूरची गाडी धरली.

चंद्रपूरच्या बसस्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी तिखट का डोळ्याचं पानी अन् नाकाचं पानी एक झालं, अन् खरं सांगतो, दोन मिनिटं माही छाती पाटाच्या पान्यावानी मोकळी वाह्यली. पोहेवाल्याले म्हनलं, "भाऊ, दवाखान्यात काऊन नाई बसत?" तो म्हने, "तिथीच बसत होतो, उठवलं मले."

मोठ्या दवाखान्यात लाइन अशी होती का उभ्या उभ्या मानसाचा आजार बदलून जाईन. माह्या पुढं राजुऱ्याकडची एक बाई होती. तिनं इचारलं, "काय झालं तुमाले?"

"दम आत येत नाई."

"माहा बाहेर जात नाई. या, अदलाबदल करू."

लय दिवसांनी मी हासली. पोराच्या वयाच्या डाक्टरनं छातीचा फोटू काढाले लावला, वायरी लावून पट्टी काढली. मंग एका खोलीत नळी तोंडात देल्ली. तिथला पोरगा म्हने, "आजी, जोरात फुंका, थांबू नका, अजून, अजून." मी फुंकलं. तो पडद्याकडं पाह्यतच राह्यला.

"आजी, काय करता तुमी?"

"फुकनीनं चूल फुंकतो. पन्नास वरसं झाले."

त्यानं दोन डाक्टर बोलावले. पुन्हा फुंकाले लावलं. माह्या वयात असं फुंकनारी पाह्यली नाई म्हने. सगळे खूश. मी म्हनलं, "बापा, बाहेर जाते तो चांगलाच जाते. आत येत नाई तो पाहा ना." तो पोरगा म्हने, "आत घेतल्याबिगर फुंकाल कुठून? सगळं नॉर्मल हाय."

डाक्टरनं कागद देल्ला. त्याच्यावर लिवलं होतं का ही बाई निरोगी हाय. मी चवथीपर्यंत शिकली, तेवढं वाचता येते मले. इचारलं, "निरोगी हाय तं दम काऊन अडते?" तो म्हने, "हवापालट करा. चांगल्या हवेत, जंगलाकडं जा. कुठून आल्या तुमी?"

"जंगलातून."

त्यानं पेन खाली ठेवला अन् पुढच्या मानसाले हाक मारली.

हवापालट म्हनलं तं घुग्घुस जवळ होतं. माही लेक निर्मला तिथी देल्ली हाय, जवाई कोळशाच्या खदानीत. घुग्घुसची हवा डोळ्यानं दिसते, येवढं तिचं चांगलं. निर्मलानं धुतलेलं लुगडं वाळाले टाकलं, वाळलं तवा माह्या पांढऱ्या लुगड्याले सावळा रंग आलता. ट्रक गेला का घरातल्या बाया बोलता बोलता थांबतेत, ट्रक निंघून गेला का तिथूनच पुढं बोलतेत. कोनालेच ते इचित्र वाटत नाई.

मी बिमार म्हनून गल्ली पाहाले आली. शेजारीन खोकली, तिची सासू खोकली, सासूच्या कडेवरचा नातू खोकला, अन् तिघं मिळून मले म्हने, "खोकला नाई तं मंग कायचा आजार?" मले लाजल्यावानी झालं.

निर्मलानं तिथल्या डाक्टरकडं नेलं. त्यानं दाराच्या फटीत ओला टावेल खोचून ठेवला होता, धूळ येऊ नाई म्हनून. तो म्हने, "चुलीवर सैपाक करता ना? हेच कारन. धूर बंद करा." तेवढ्यात बाहेरून पाच ट्रक गेले, भिंत थरथरली. तो थांबला. ट्रक गेले मंग पुढं म्हने, "गावातले लोक समजतच नाई."

संध्याकाळी जवाई पाळीहून आले. आंघोळ झाली तरी कानाच्या पाळ्या काळ्याच होत्या. निर्मला पानी भराले गेली तवा ते हळूच बोलले, "मामी, कसं होते तुमाले?"

मी शिंक्याचं अन् मडक्याचं सांगतलं. त्याईनं चहाचा कप खाली ठेवला.

"मले बी तसंच होते. तिले सांगू नोका."

"दाखवलं का कोनाले?"

"दाखवून काय? डाक्टर निरोगी लिहीन तं बरं, नाई लिहीन तं कामावर कोन घेईन?"

मी निर्मलाले काई सांगतलं नाई. दिवाळीले त्याईनंच तिले सांगतलं, म्हनून आता लिहून राह्यली. माह्या पुऱ्या फिरन्यात माहा आजार ज्याले समजला असा तो एकच मानूस.

निर्मलाची नणंद पुष्पा मोहर्लीले हाय, वाघ पाहाले येनाऱ्याईच्या एका मोठ्या हाटेलात चादरी धुते. निर्मला म्हने, "आई, तिथी हवा विकत घ्याले लोक येतेत, तुले फुकट भेटन." गेली. सकाळी हाटेलाच्या गवतावर पाहुने मांडी घालून बसले होते अन् एक गोरापान मास्तर त्याईले सास घ्याले शिकवत होता. मी पुष्पाच्या चादरी पिळत होती. एका पुन्याच्या बाईनं मले बोलावलं, "आजी, या ना, आमच्यासोबत बसा."

बसली. मास्तर म्हने, "खोल श्वास आत घ्या. पोट भरू द्या."

"तेच तं येत नाई बापा."

"विचार करू नका. फक्त घ्या."

मी घेतला तेवढा घेतला. बाकीचे डोळे मिटून बसले होते, एक मोठा मानूस घोरत होता. मंग त्या बाईनं इचारलं, "तुम्ही इतक्या शुद्ध हवेत राहता, तुम्हाला कसला हो त्रास?" मी कागद दाखवला. तिनं वाचला अन् खुशीत म्हनली, "बघा, मी म्हटलंच." माह्यासंगं फोटू काढला अन् जेवाले गेली. मले पुष्पानं पाहुन्याईचा उरलेला शिरा आनून देल्ला. तूप लय होतं. हवेपेक्षा तो शिरा चांगला लागला.

वापसीच्या गाडीत एक गोष्ट झाली. मोहर्लीहून निघालो अन् वळनावर डायवरनं गाडी थांबवली. सडकेवर वाघ बसला होता, आपल्याच आंगनात बसल्यावानी. पुरी गाडी चूप. कंडक्टरच्या हातातलं तिकीट तसंच. माह्या बाजूचा मानूस तोंड उघडं ठेवून बसला होता, पन सास नाई. पुऱ्या गाडीत कोनाचाच दम हालत नव्हता. अन् माहा? माहा भरभरून येत होता, पोटापावेतो. तर्री खाल्ल्यावर आलता त्याच्यापेक्षा बी चांगला. वाघ उठला, शेपूट झटकली, झाडीत गेला. सगळ्याईनं मोठमोठे सास सोडले अन् बोलाले लागले. माहा पुन्हा अर्ध्यात अडला.

हे कोन्या डाक्टरले सांगू? वाघ काई गोळीवानी रोज दोन वेळ भेटत नाई.

फाट्यावर उतरली तं शेवंता दुकानापाशी उभी होतीच.

"काय निंघालं?"

मी कागद देल्ला. तिले वाचता येत नाई, पन तिनं तो दोनी बाजूनं पाह्यला.

"निरोगी लिवलं हाय," मी म्हनलं.

"अन् दम?"

"दम जसा गेलता तसाच वापस आला."

तिनं कागद घडी करून माह्या हातात देल्ला. "मंग कागदानं गानं म्हनशीन का?"

"नाई. मीच म्हनन. मधात थांबलं तं थांबन. धरतं तं धर, नाई तं धुऱ्यावर बसव."

ती निंघाली, दोन पावलं गेली. मंग म्हने, "सकाळी आठले येजो. उशीर झाला तं नाई घेन."

रोवना लागला. पह्यल्याच बांधीत मी ओळ उचलली:

हिरव्या लुगड्याची घडी मोडली वं बांधीत,
काठ राह्यला वं बाई धुऱ्यावर.

पूर्वी हे सारं एका दमात जाये. आता "बांधीत" म्हनलं अन् दम अडला. बाया थांबल्या. हात चिखलात. मी मडक्याची वाट पाह्यली. शेवंताबी थांबली, कोनाले उचलू नाई देल्लं. मंग दम आला अन् काठ धुऱ्यावर राह्यला. तवा सगळ्याईनं उचललं. दिवसभर असंच चाललं. संध्याकाळपावेतो बायाईचे हात बी तिथी आपोआप थांबाले लागले, अन् त्या थांब्यात कंबर सरळ कराले भेटते म्हनून कोनी तक्रार केली नाई.

पुढच्या आठवड्यात बाजूच्या गावच्या बाया आमच्या बांधीत कामाले आल्या. जवान पोरी, छातीत भरपूर दम. गानं शिकून गेल्या. मंग एक दिवस मी त्याईच्या वावराजवळून जात होती तं तेच गानं ऐकू आलं. "बांधीत" म्हनून साऱ्याजनी थांबल्या. मीबी धुऱ्यावर उभी राह्यली. आमी सगळ्या मिळून थांबलो, मंग त्याईनं काठ म्हनला.

त्याईच्या दमाले काई झालं नाई. त्याईले वाटते, हे गानं असंच म्हनाचं असते.