आपटेकाकांचं शर्यतीचं वर्ष

सोमवारी सकाळी आपटेकाका कुणाशी बोलत नसत. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. अमेरिकेतली मोटारींची शर्यत आपल्याकडे मध्यरात्री होते. काका ती सकाळी चहा घेऊन पाहायचे. तोवर फोन बंद, पेपरची घडीसुद्धा मोडायची नाही. मी एकदा म्हटलं, "काका, पुण्यात तुम्हाला निकाल सांगणार कोण?"

"न सांगणारे लाखो आहेत, मीनल. सांगणारा एकच आहे, त्याची भीती."

तो एक म्हणजे त्यांचा मुलगा निखिल, तिकडेच स्थायिक झालेला.

काकांनी आयुष्यभर कारखान्यात इंजिनं जोडली. काकू गेल्यावर निखिलने त्यांना तिकडे नेलं आणि एका लहानशा गावातल्या ट्रॅकवर शर्यत दाखवली. आपल्या रस्त्यावरच्या दिसतात तशाच मोटारी, लंबगोल ट्रॅक आणि शेकडो फेऱ्या. बापलेकांचं तोवर कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी दोघं पाच तास शेजारी बसले. काका परत आले, तरी दर सोमवारी शर्यत पाहून झाली की तासभर फोन चाले. कुणी टायर कधी बदलले, कुणाचं इंजिन कुरकुरत होतं, एवढंच. पण तासभर.

मग नियम बदलले. पूर्वी वर्षभराच्या गुणांवर विजेता ठरे. आता शेवटच्या शर्यतीपर्यंत विजेतेपदासाठी चौघंच उरणार आणि त्या दिवशी त्यांच्यात जो पुढे, तो वर्षाचा विजेता. काकांचा आवडता ड्रायव्हर वर्षभर पहिला होता. शेवटच्या दिवशी त्याचा टायर फुटला.

"वर्षभर बाईनं रांधलं, आणि एका दिवशी मीठ जास्त पडलं म्हणून नापास?" काका संतापले. त्यांनी आयोजकांना लांबलचक ईमेल लिहिली, माझ्याकडून टाइप करून घेतली. दोन मिनिटांत उत्तर आलं : आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

"प्रेम कुठे लिहिलं होतं मी?" काका म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात ते गावच नव्हतं. तिथली शर्यत एका मोठ्या शहराला गेली होती. तिथे पुन्हा जायचं म्हणून काकांचा व्हिसा झालेला, निखिलची रजा मंजूर झालेली. "बाबा, दुसऱ्या ट्रॅकवर जाऊ ना," तो फोनवर म्हणाला. पण त्याच्या आवाजात उत्साह नव्हता, आणि जाणं झालंच नाही. हळूहळू त्याने शर्यती पाहणं सोडलं. सोमवारचा फोन दहा मिनिटांवर आला. औषधं घेतली का, पाऊस आहे का.

काका मात्र पाहत राहिले. "नियम माझे नाहीत, पोरगंही माझ्या हातात नाही," एकदा ते टीव्हीकडे बघतच म्हणाले. "मी नुसता बघणारा."

गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. निखिल पंधरा दिवस येऊन राहिला, देखभालीला एक मावशी ठेवल्या आणि परत गेला. काकांची उजवी बाजू गेली, बोलणं एखाद्या शब्दापुरतं उरलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी बातमी वाचली : शेवटच्या एका शर्यतीवर विजेता ठरवायचा नियम रद्द. धावतच वर गेले. "काका, बदलला नियम! तुम्ही म्हणत होतात ते पटलं त्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकड्या झालेल्या ओठांनी एक शब्द जुळवला.

"आत्ता?"

मी निखिलला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.